दोनाच्या घातांचे डोके, शेपूट आणि पोट

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक बातमी जगभर फिरली. आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली होती. मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी. ही संख्या सांगायला सोपी आहे: १३,६२,७९,८४१ दोन मांडा, सगळ्यांचा गुणाकार करा आणि उत्तरातून १ वजा करा. लिहायला मात्र अवघड, कारण तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता वाचत बसलात तरी जवळजवळ पावणेपाचशे दिवस लागतील.

असे असूनही तिचे शेवटचे दोन अंक, ५१, कागदाच्या कपट्यावर मिनिटभरात काढता येतात. पहिले दोन अंक, ८८, काढायला शाळकरी मुलाकडचा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरतो. पण तिच्या बरोबर मधोमध कोणता अंक बसला आहे, हे विचारले की सगळ्या युक्त्या संपतात. तिथे संगणकाला प्रचंड गुणाकार करायला लावण्यावाचून गत्यंतर नाही.

एकाच संख्येची दोन टोके इतकी मवाळ आणि मधला भाग इतका हट्टी, हे कसे? याचे उत्तर आपण तिसरीत शिकलेल्या एका गोष्टीत आहे.

सगळा खेळ हातच्याचा

आधी एक शब्द पक्का करू. एखादी संख्या स्वतःशीच पुन्हा पुन्हा गुणली की तिचे ‘घात’ मिळतात. २, ४, ८, १६, ३२ हे दोनाचे पहिला, दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा घात. या लेखात मी बहुतेक दोनालाच धरून बसणार आहे. ३ किंवा ७ घेतले तरी गोष्ट तीच राहते, फक्त आकडे बदलतात.

आता १२८ ची दुप्पट करा. आठ दुणे सोळा, सहा लिहिले, हातचा एक. दोन दुणे चार आणि एक पाच. एक दुणे दोन. उत्तर २५६. यात हातचा कुठून कुठे गेला? उजवीकडून डावीकडे. हातचा कधीच उलटा येत नाही. म्हणून एकं स्थानी काय येणार हे फक्त आधीच्या एकं स्थानावरून ठरते. डावीकडे कितीही मोठी अंकांची रांग असो, तिचा एकं स्थानाशी काडीचा संबंध नसतो. शेवटच्या दोन स्थानांचेही तसेच, तीन स्थानांचेही तसेच.

जितके डावीकडे जाल तितक्या जास्त स्थानांचे हातचे येऊन धडकतात. शेपटाला कोणाचा त्रास नाही, पोटाला सगळ्यांचा.

शेपूट गोल फिरते

दोनाच्या घातांचे एकं स्थान पाहा: २, ४, ८, ६, पुन्हा २, ४, ८, ६. हे अटळच आहे. एकं स्थानी येऊ शकणारे अंक दहाच, आणि पुढचा अंक केवळ आधीच्यावरून ठरतो. म्हणजे एखादा अंक दुसऱ्यांदा आला की पुढचे सगळे जसेच्या तसे पुन्हा येणारच.

कोणतीही संख्या घेतली तरी एकं स्थानाचे आवर्तन चार पावलांपेक्षा मोठे नसते. ०, १, ५, ६ हे अंक जागचे हलतच नाहीत. ४ आणि ९ दोन पावलांत परततात. उरलेले २, ३, ७, ८ चार पावलांत. त्यामुळे कोणत्याही संख्येचा पाचवा घात त्याच अंकाने संपतो ज्याने ती संख्या संपते. ७ चा पाचवा घात १६८०७, १३ चा ३७१२९३. स्पर्धा परीक्षांत ‘एकक स्थानचा अंक काढा’ म्हणून जे प्रश्न येतात त्यांचे गुपित एवढेच.

शेवटचे दोन अंक जरा लांबची फेरी मारतात. ४ पासून सुरुवात करू: ०४, ०८, १६, ३२, ६४, २८, ५६, १२, २४, ४८, ९६, ९२, ८४, ६८, ३६, ७२, ४४, ८८, ७६, ५२ आणि मग पुन्हा ०४. वीस पावले. वीसच का? दुसऱ्या घातापासून पुढे प्रत्येक संख्येला ४ ने भाग जातो, म्हणून शेवटच्या दोन अंकांनाही ४ ने भाग जायलाच हवा. ०० ते ९९ मध्ये अशा जोड्या २५. त्यांतल्या ००, २०, ४०, ६०, ८० या पाच बाद, कारण दोनाच्या घाताला ५ ने भाग कधीच जात नाही. उरल्या वीस, आणि शेपूट त्या वीसही जोड्यांना एकेकदा भेट देते, एकही न गाळता. शेवटच्या तीन अंकांचे आवर्तन १०० पावलांचे, चारांचे ५०० चे. दर वाढत्या अंकाला पाचपट.

आता ती मूळ संख्या घ्या. घातांक, म्हणजे किती दोन गुणले तो आकडा, १३,६२,७९,८४१. त्याला २० ने भागले की बाकी १ उरते. इथे एक छोटा खड्डा आहे. बाकी १ म्हणून दोनाचा पहिला घात ०२ धरलात तर चुकलात, कारण ०२ या फेरीत नाहीच. २ ला ४ ने भाग जात नाही. फेरीतली जागा २१ व्या घाताची, २०९७१५२, म्हणजे ५२. त्यातून १ वजा, ५१.

शेपटाच्या गमतींतली माझी आवडती ही. दोनाचा ३६ वा घात आहे ६८७१९४७६७३६. तो ३६ ने संपतो, म्हणजे स्वतःच्याच घातांकाने. त्याचे शेवटचे तीन अंक ७३६ आहेत. मग दोनाचा ७३६ वा घात घ्या: तो ७३६ ने संपतो. त्याचे शेवटचे चार अंक ८७३६, आणि ८७३६ वा घात ८७३६ ने संपतो. जादू वाटते, पण १०० आणि ५०० पावलांच्या आवर्तनांनी हे तपासून पाहिलेत की जादू उतरते आणि गंमत तेवढीच राहते.

डोके सरकत जाते

सुरुवातीच्या अंकाचे काय? १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२ यांतले पहिले अंक वाचा: १, २, ४, ८, १, ३, ६, १, २, ५. पुढचे दहा घात १०२४, २०४८, ४०९६, ८१९२, १६३८४ असे ५२४२८८ पर्यंत. पहिले अंक पुन्हा तेच. त्यापुढचे दहाही तेच. चौथी दहाची फेरीही तीच. आवर्तन सापडले, असे कोणीही म्हणेल. वर हेही म्हणेल की ७ आणि ९ हे अंक पुढे कधी येतच नाहीत.

आणि मग ४६ वा घात येतो: ७०३६८७४४१७७६६४. सात! थोडे पुढे ५३ वा घात: ९००७१९९२५४७४०९९२. नऊ! पंचेचाळीस घातांपर्यंत पाळलेला नियम मुळात नियम नव्हताच.

झाले काय, तर दोनाचा दहावा घात १०२४ हा १००० च्या जवळ आहे, पण १००० नाही. दर दहा पावलांनी संख्या हजारपट होते आणि वर २.४ टक्के जास्तीची. पहिल्या काही फेऱ्यांत तो जादा भाग लपून राहतो. ६४ चे ६५५३६ होते, मग ६७१०८८६४, मग ६८७ ने सुरू होणारी संख्या, आणि पुढच्या फेरीत सहाची हद्द ओलांडून सात. रोज थोडे पुढे जाणारे घड्याळ पहिल्या दिवशी बरोबर वाटते, तसे.

हे चित्र जरा नेमके करू. एक वर्तुळाकार धावपट्टी डोळ्यांसमोर आणा. संख्या दहापट झाली की एक फेरी पूर्ण. दुप्पट होणे म्हणजे त्या फेरीचा ०.३०१०३ इतका भाग धावणे. या आकड्याला २ चा लॉगरिदम म्हणतात, मराठी पुस्तकांत लघुगणक. पट्टीवर १ च्या खुणेपासून २ च्या खुणेपर्यंतचे अंतर फेरीच्या ३०.१ टक्के, २ ते ३ हे १७.६ टक्के, आणि असे आक्रसत ९ च्या वाट्याला जेमतेम ४.६ टक्के. धावपटू कुठल्या पट्ट्यात थांबला, तो पहिला अंक.

धावपटू कधी पूर्वीच्याच बिंदूवर परत येईल का? नाही, आणि याची सिद्धता एका ओळीची आहे. परत यायचे तर दोनाचा कुठला तरी घात नेमका दहाचा घात असावा लागेल. पण दहाच्या घाताला ५ ने भाग जातो, दोनाच्या घाताला जात नाही. म्हणून डोक्याला आवर्तन नाही. असा कधीच न परतणारा धावपटू सगळ्या पट्टीवर सारखा पसरतो, हे १९०९-१० च्या सुमारास पिअर्स बोल, वात्स्वाव शेर्पिन्स्की आणि हेर्मान वाइल यांनी दाखवले. त्यातून निघणारी गोष्ट पहिल्यांदा ऐकताना खोटी वाटते: तुमच्या मनातला कोणताही आकडा घ्या, तुमचे जन्मवर्ष, फोन नंबर, काहीही; दोनाचा कोणता तरी घात बरोबर त्याच अंकांनी सुरू होतो. ९९ ने सुरू होणारा पहिला घात ९३ वा आहे.

१ इतका वारंवार का येतो, हे तर धावपट्टीशिवायही कळते. दुप्पट करताना अंकांची संख्या एकाने वाढली की नवी संख्या १ नेच सुरू होणार, कारण आधीची ९९९९ असली तरी दुप्पट १९९९८. आणि त्याच लांबीची पुढची दुप्पट २ किंवा ३ वर गेलेली असते. म्हणजे प्रत्येक लांबीत १ ने सुरू होणारा घात नेमका एक. शून्याव्या घातापासून, म्हणजे १ पासून, ९९९ व्या घातापर्यंत लांबी १ अंकापासून ३०१ अंकांपर्यंत जाते. म्हणून या हजार संख्यांत १ ने सुरू होणाऱ्या बरोबर ३०१. अंदाज नव्हे, नेमक्या.

हाच कल खऱ्या आकडेवारीतही दिसतो. सायमन न्यूकोम या खगोलशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये नोंदवले की लॉगरिदमच्या कोष्टकांची पहिली पाने शेवटच्या पानांपेक्षा जास्त मळलेली असतात, म्हणजे लोक १ ने सुरू होणारे आकडे जास्त शोधतात. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड यांनी नद्यांची क्षेत्रफळे, लोकसंख्या असे वेगवेगळे आकडे गोळा करून तेच दाखवले, आणि नियमाला नाव त्यांचे मिळाले. न्यूकोमवर हा जरा अन्यायच.

पोटात काय दडले आहे

आता खरी अडचण. दोनाचा ८६ वा घात पाहा:

७७३७१२५२४५५३३६२६७१८११९५२६४

२६ अंक, आणि त्यांत एकही शून्य नाही. यानंतर शून्य नसलेला दुसरा घात सापडलेला नाही. संगणकांनी अतिप्रचंड घातांकांपर्यंत शोध घेतला आहे. प्रत्येकात कुठे ना कुठे शून्य निघते. ८६ वा हाच शेवटचा, असा गणितज्ञांचा विश्वास आहे. सिद्धता नाही. असाच दुसरा तर्क: सगळे अंक सम असलेले दोनाचे घात फक्त २, ४, ८, ६४ आणि २०४८. तोही सिद्ध नाही.

विश्वास कशावर बसला? मधले अंक फाशाने टाकल्यासारखे वागतात, यावर. दोनाच्या हजाराव्या घातात ३०२ अंक आहेत आणि त्यांची बेरीज १३६६, म्हणजे सरासरी ४.५२. ० ते ९ सारख्या प्रमाणात आले असते तर सरासरी ४.५ आली असती. आता अंक खरोखर फाशाचे माना. पहिला आणि शेवटचा अंक शून्य नसतोच. २६ अंकी संख्येतले उरलेले २४ अंक शून्य टाळण्याची शक्यता सुमारे ८ टक्के. कमी, पण घडू शकते. ३०२ अंकांना तेच जमण्याची शक्यता मात्र एक कोटी गुणिले एक कोटी इतक्या प्रयत्नांत जेमतेम दोनदा. घातांक कोटींत गेला की ही शक्यता लिहायला पान पुरत नाही.

पण दोनाचा घात फासे टाकत नाही. त्याचा प्रत्येक अंक आधीच ठरलेला आहे, आणि ठरलेल्या गोष्टीला शक्यतेचा हिशेब लावणे म्हणजे पुरावा नव्हे.

पोटावर आपली पकड अगदीच नाही असे नाही. अंकांच्या बेरजेची बेरीज करत एका अंकापर्यंत आलात तर दोनाच्या घातांसाठी २, ४, ८, ७, ५, १ हे सहाचे आवर्तन मिळते. वरच्या १३६६ ची बेरीज १६, त्याची ७. हजाराला सहाने भागून बाकी ४, आणि यादीत चौथा ७. जुळले. याच कसोटीवर एक झकास कोडे सुटते. दोनाचा २९ वा घात नऊ अंकी आहे आणि नऊही अंक वेगवेगळे. कोणता अंक गैरहजर, संख्या न काढता सांगा. २९ ला ६ ने भागून बाकी ५, यादीत पाचवा ५. ० ते ९ ची बेरीज ४५. त्यातून ४ काढला तर ४१, म्हणजे ५. दुसरा कोणताही अंक काढून ५ येत नाही. गैरहजर ४. संख्या आहे ५३६८७०९१२.

‘शेपूट कळते ना, मग तेवढ्यावरच सिद्ध करा’

हा आक्षेप हुशार आहे. शेवटच्या शंभर अंकांचे आवर्तन माहीत आहे, मग त्या अंकांत नेहमी शून्य येते एवढे दाखवले की झाले. दुर्दैवाने ते खरेच नाही.

२, १२, ११२, २११२, २२११२ या संख्या बघा. त्यांना अनुक्रमे २, ४, ८, १६, ३२ ने भाग जातो. डावीकडे १ किंवा २ जोडत ही साखळी हवी तितकी लांबवता येते: आधीचा भागाकार विषम असेल तर १ जोडायचा, सम असेल तर २. आणि आपण वर पाहिलेच की शेपूट परवानगी असलेल्या प्रत्येक जागेला भेट देते. म्हणून दोनाचा असाही घात आहे ज्याचे शेवटचे दहा लाख अंक फक्त १ आणि २ आहेत, एकही शून्य नाही. छोटा नमुना हवा असेल तर ८९ वा घात: ६१८९७००१९६४२६९०१३७४४९५६२११२. शेवट २११२.

‘आवर्तन आहेच, मग पूर्ण फेरी तपासा’ असेही कोणी म्हणेल. २६ अंकांच्या शेपटाची पूर्ण फेरी १ वर १८ शून्ये याहून जास्त पावलांची आहे. ती फेरी पुरी होईपर्यंत संख्या कुठल्या कुठे पोचलेली असते, आणि तिचे पोट २६ व्या स्थानाच्या कितीतरी डावीकडे.

आणि संगणकाने तपासले ते पुरेसे का नाही, याचे उत्तर ४६ व्या घाताने आधीच दिले आहे.

‘याचा उपयोग काय?’

शून्य आहे की नाही याचा काही नाही. पण आवर्तनाच्या कल्पनेचा आहे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी उघड माध्यमावरून गुप्त किल्ली ठरवण्याची रीत मांडली. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची संदेश गुप्त ठेवण्याची आरएसए पद्धत आली. दोन्हींच्या मुळाशी घातांचे शेपूट आहे. फरक असा की तिथे दहाच्या घाताऐवजी शेकडो अंकी निवडक संख्येने भागून बाकी घेतात. घातांक माहीत असेल तर बाकी चटकन निघते, कारण वर्गाचा वर्ग करत झपाट्याने जाता येते. आरएसएत जगजाहीर घातांकाने घात करणे सोपे, पण तो उलटवायचा तर ती निवडक संख्या कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून आली हे ठाऊक लागते. डिफी-हेलमन रीतीत बाकीवरून घातांक ओळखायचा असतो, आणि आवर्तन इतके लांब असते की तो माग काढता येत नाही.

‘हा सगळा दहा बोटांचा खेळ नाही का?’

अर्धा आहे. वीसचे आवर्तन, ३६, ७३६ या गमती दहा म्हणजे २ गुणिले ५ आहे म्हणूनच. संगणकासारखे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेत तर दोनाचे घात १०, १००, १००० असे दिसतील आणि बोलायला काही उरणार नाही.

पण पोटाचे कोडे दहाशी बांधलेले नाही. फक्त ०, १, २ हे अंक वापरून, १, ३, ९, २७ अशी तिपटीने वाढणारी स्थाने मोजून दोनाचे घात लिहिले तर १ हा १ राहतो, ४ होतो ११, आणि २५६ होतो १००१११. या तिघांत २ हा अंक नाही. पॉल एर्डोश यांनी १९७९ मध्ये विचारले: २५६ नंतर असा एकही घात नाही ना? दहा नाही, बोटे नाहीत, अंक फक्त तीन. तरीही उत्तर ‘नाही’ असे सिद्ध करणे कोणालाही जमलेले नाही.